डाव्या हातातला गोटा

फौजेतून घरी आलेल्या माणसाला आमच्या भागात सरसकट मेजर म्हणतात. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, तेही बहुतेक नोकरी ट्रकच्या स्टेअरिंगवर काढून. तरी कुंडलात मी अर्जुना मेजर. सुरुवातीला दोन-चार जणांना समजावून सांगितलं, मग तोंड दुखवून घ्यायचं सोडून दिलं. हे आधी सांगायचं कारण एवढंच, की पुढं कोणी मला मेजर म्हणालं तर फार मोठा माणूस समजू नका. मी शेजारी आहे, माझ्याकडं एक जुनी ओम्नी आहे आणि माझी जीभ जरा फटकळ आहे.

माझं परसदार आणि आकाराम कुंभाराचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आणि एक शेवग्याचं झाड. नोकरी संपवून आलो तेव्हा दुपारी जरा आडवं व्हावं म्हटलं की पलीकडून सुरू व्हायचं, टप टप, टप टप. आकारामची बायको अंबूबाई मडकी थापटत बसलेली असायची. मी भिंतीवरून म्हणायचो, वैनी, सीमेवर याहून शांतता होती. ती हात न थांबवता म्हणायची, मग जावा की परत. असं आमचं वर्षानुवर्षं चाललं.

ज्यानं हे काम जवळून बघितलं नाही त्याला वाटतं, मडकं चाकावरच पुरं होतं. चाकावर होतो तो गळा आणि खाली जाडजूड ठोंबा. आकाराम तो काढून सावलीत ठेवायचा. जरा सुकून आवळला की अंबूबाई तो मांडीवर घ्यायची. उजव्या हातात बाभळीचं थापटणं, डाव्या हातात राखेत बुडवलेला गुळगुळीत दगडी गोटा. डावा हात मडक्याच्या आत, थापटणं बाहेरून. बाहेर जिथं घाव बसेल तिथंच आतून गोटा टेकलेला हवा, नाहीतर भिंत आत बसते. दोन हात एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये चिखल असतो. पण तिचा गोटा कधी चुकायचा नाही. तिचं लक्ष तर माझ्याशी भांडण्याकडं असायचं, आणि तेवढ्यात मडक्याचं पोट गोल होऊन बूड पातळ झालेलं असायचं.

तिच्या माहेरी या गोट्याची एक रीत होती. लेक सासरी निघाली की आई तिला नदीवर नेते आणि डोळे मिटायला लावते. मग एकेक गोटा उचलून तिच्या डाव्या पंजात ठेवते. बोटं विचार न करता ज्याच्याभोवती मिटतात, तो तिचा. अंबूबाई जत तालुक्यातली, पार कर्नाटकच्या अंगाची. तिथली बोर नदी वर्षातले बरेच महिने कोरडी, त्यामुळं गोट्यांना तोटा नाही. आईला ती अव्वा म्हणायची. अव्वानं दिलेला काळा गोटा तिनं लग्नापासून वापरला, आणि वापरून वापरून त्याला एका अंगाला अंगठा बसेल एवढी खोलगट जागा पडली होती. त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. मी एकदा खुंटा ठोकायला मागितला, तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

गेल्या वर्षी माठांचे दिवस सुरू होत होते. दुपारी टप टप चालू होतं आणि मधेच थांबलं. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला आणि आकारामनं मला हाक मारली. जाऊन बघतो तर ती एका अंगावर कलंडलेली, तोंड वाकडं झालेलं, आणि गोटा मडक्याच्या आत पडून बूड फाडून बाहेर आलेला. आम्ही दोघांनी तिला ओम्नीत घातलं आणि सांगलीला नेलं.

अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला. जीभ हळूहळू वळली, पाय ओढत ओढत का होईना चालायला लागली. डावा हात खांद्यातून हलायला लागला, कोपरातून थोडा वाकायला लागला. कोपराच्या खाली काहीच नाही. डॉक्टर सुई टोचायचे आणि विचारायचे, कळतंय का. ती त्या सुईकडं दुसऱ्याच कुणाच्या हाताला टोचल्यासारखी बघायची.

व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही. बोटांचं काही सांगता येत नाही म्हणाल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, हाताला त्याचं जुनं ओळखीचं काम दाखवत राहा. अंबूबाईनं तेवढंच वाक्य पदरात बांधून घरी आणलं. आशेवर जगणाऱ्या माणसांचा मला राग येतो. फौजेत मी पत्राची वाट बघणारे बघितलेत. पण तिला हे तोंडावर कोण सांगणार?

घरी आल्यावर पहिलं काम तिनं हेच केलं. उजव्या हातानं काळा गोटा उचलून डाव्या पंजात ठेवला, उजव्या हातानंच बोटं त्याच्याभोवती मिटवली आणि सोडून दिलं. गोटा खाली पडला. परत ठेवला. परत पडला. मी भिंतीवरून म्हटलं, वैनी, आता आराम करा, मडक्यांवाचून गाव तहानेनं मरत नाही. तेव्हा ती मला जे म्हणाली ते पुढच्या सगळ्या दिवसांत माझ्या डोक्यात राहिलं.

"मडकं न्हाई झालं तर न झालं, मेजर. ह्यो गोटा हाताला कळाया पायजे. कळला तर हात माजा, न्हाईतर नुसतं लोंबतंय."

म्हणजे तिला काय हवं होतं ते मला त्या दिवशीच कळलं. माठ विकायचे नव्हते की पहिल्यासारखं नाव काढायचं नव्हतं. हात आपला आहे एवढं तिला एकदा समजायला हवं होतं.

तिनं ठरवलं की दोष हाताचा नाही, गोटा जड झालाय. हाताची ताकद गेली, तर गोटा त्याच्या मापाचा नको का? आम्हाला हे पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. आकाराम आणि मी येरळेच्या पात्रात गेलो. वाळू उपसून उपसून नदीचं पार गटार झालेलं, तरी शोधून शोधून पोतंभर गोटे आणले. लहान, मोठे, चपटे, अंड्यासारखे. अंगणात चटईवर मांडले. मग आकाराम तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, डोळं मिट. तिनं मिटले. अव्वाच्या जागी बसून तो एकेक गोटा तिच्या पंजात ठेवत गेला. प्रत्येक वेळी थांबायचा, तिच्या तोंडाकडं बघायचा. ती डोळे न उघडता विचारायची, ठेवलासा का? तो म्हणायचा, ठेवला. ती म्हणायची, म्होरला द्या. पोतं संपलं तेव्हा आकाराम उठून चाकाकडं गेला आणि उगीचच चाक फिरवत उभा राहिला.

मग त्यांचा मुलगा अमृत मधे पडला. तो कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो, रोज मोटारसायकलवर जातो-येतो. त्यानं मोबाईलवर बघितलं होतं की सांगलीत विश्रामबागेकडं प्रियदर्शनी नावाची एक मुलगी मातीकामाचा स्टुडिओ चालवते, आणि तिच्याकडं तऱ्हेतऱ्हेची अवजारं असतात. मी ओम्नी काढली. अंबूबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, जणू मुलगी बघायला निघालो होतो.

प्रियदर्शनी साधी पोर निघाली. तिनं टेबलावर सगळं मांडलं. कडा घासायच्या लाकडी पट्ट्या, माती कोरायच्या तारेच्या कोरण्या, बूड कापायची तार, सुया, स्पंज, रबराचे अर्धगोल तुकडे. कशानं काय करतात ते सांगत गेली. अंबूबाईला खरोखर त्यात रस वाटला. पट्टी हातात घेऊन तिनं कडेवरून अंगठा फिरवला, तार ताणून बघितली, कोरणी बघून म्हणाली की हे बरं हाय, आमी नखानंच करतो. क्षणभर ती जुनी अंबूबाई दिसली. मग तिनं ते सुरू केलं. एकेक वस्तू उजव्या हातानं उचलायची, डाव्या पंजात ठेवायची, बोटं मिटवायची आणि वाट बघायची. पट्टी पडली. स्पंज पडला. रबर पडलं. प्रियदर्शनी प्रत्येक वस्तू खालून उचलून देत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. मला ते बघवेना. मी चहाच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि चहा न पिताच परत आलो.

त्या पोरीनं शेवटी खरं ते सांगितलं. "मावशी, ही सगळी अवजारं बोटांना मदत करतात. बोटांच्या ऐवजी चालेल असं माझ्याकडं काही नाही."

तिनं आत जाऊन एक लाकडी गोटा आणला, खाली मूठ असलेला, अळंबीसारखा. म्हणाली, हा ठेवून घ्या, निदान मुलाला नमुना होईल. अंबूबाईनं तो मांडीवर ठेवला.

अमृतनं कारखान्यात सुट्टीनंतर थांबून त्या नमुन्यावरून बरंच काय काय केलं. मुठीला चामड्याचा पट्टा लावून मनगटाला अडकवायची सोय केली. लाकूड हलकं, घाव बसला की उडायचं. मग आत लोखंड भरलं, तर आईचा दंडच खाली यायचा. पोरगं रडवेलं झालं. अंबूबाईनं त्याच्या पाठीवरून उजवा हात फिरवला आणि ती अवजारं फडताळात ठेवून दिली.

त्यानंतर आकारामनं ठरवलं की तिचा डावा हात आपणच व्हायचं. समोरासमोर बसायचे, मडकं मध्ये. तो आतून गोटा धरायचा, ती बाहेरून थापटायची. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांच्या कामात कधी हात घातला नव्हता. चाक त्याचं, थापटणं तिचं. आता भिंतीपलीकडून टप टपच्या जागी भांडण ऐकू यायला लागलं.

"तू कुटं मारनार ते मला कसं कळंल?" आकाराम म्हणायचा.

"मला तरी कवा कळत हुतं?" ती म्हणायची. "हात जात हुता."

मडकी व्हायची, पण बूड एका बाजूला जाड, दुसरीकडं पातळ. भट्टीत निम्मी तडकायची. एकदा थापटण्याचा घाव भिंत दाबून आकारामच्या बोटावर बसला. तो असा ओरडला की शेवग्यावरची पाखरं उडाली आणि मी जेवण टाकून पळत आलो. बघतो तर अंबूबाई हसत होती. झटका आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. म्हणाली, "येक बसला तर गाव गोळा केलं. माज्या बोटांवर जल्मभर किती बसल्यात, इचारलं व्हतं का कवा?" आम्हीही हसलो. आकाराम बोट तोंडात धरून हसत होता. तेवढ्या दुपारी मला वाटलं, की या घरात आता जरा बरे दिवस येतील. मी आशेवर जगणाऱ्यांना नावं ठेवतो, आणि माझी ही गत.

पण ती समाधानी नव्हती. आतनं काय कळंना, असं म्हणायची. बाहेरून मारून काय, आत काय चाललंय ते दुसऱ्याला विचारावं लागतं. आणि एक दिवस तिनं सांगितलं की माझा गोटा माझ्याच हाताला बांधा. हात खांद्यातून हलतो, आत जातो, टेकतो. धरायला जमत नसेल तर बांधा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, ओळखीचं काम दाखवा.

आकारामला ते पटलं नाही असं तो आता म्हणतो. त्या दिवशी मी तिथंच होतो, त्याला पटलं होतं. मलाही पटलं. आम्हाला तिघांनाही ती शहाणपणाची गोष्ट वाटली. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्यानं काळा गोटा तिच्या पंजात ठेवला, बोटं त्याच्याभोवती मिटवली आणि पट्टी गुंडाळली. ती म्हणत राहिली, आणखी आवळा. त्यानं आवळलं. मग एका ताज्या, बऱ्यापैकी आवळलेल्या मडक्यात त्यानं तिचा हात सांभाळून घातला. मडकं चुंबळीवर ठेवून तो फिरवणार, ती खांद्याच्या जोरावर हात टेकवणार आणि थापटणार.

मी शेवग्याच्या बुंध्याशी बसलो होतो. पहिले काही घाव आडवेतिडवे पडले. मग आवाज लागला. टप टप, टप टप. कुंभार मडकं डोळ्यांनी कमी बघतो, कानानं जास्त बघतो. आकारामनं मान वर केली आणि डोळे मिटून ऐकायला लागला. मडकं फिरवता फिरवता तो हळूच म्हणाला, "आला बग सूर." अंबूबाईचं तोंड उजळलं. मडक्याचं पोट खरंच गोल होत होतं. भिंतीपलीकडच्या आवाजावर मी जन्मभर वैतागलो, त्या दिवशी तो थांबू नये असं मला वाटत होतं.

मधे आवाज जरा बसला. टपचा धप झाला. आकारामनं मडक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ह्या अंगाला माती वली ऱ्हायली वाटतं, जरा दमानं. ती म्हणाली, थांबवू नगा, हात बसलाय. आणि दमानं नाही, आणखी जोरात थापटायला लागली. माती ओली असली की आवाज मऊ येतो, हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि ते खरंच आहे. त्यामुळं आम्ही दोघंही ओल्या मातीचाच आवाज ऐकत बसलो. ती हसत होती. मला म्हणाली, "मेजर, जावा आता झोपा, तुमची झोपमोड करनारी आली परत."

बूड पुरं झालं. आकारामनं मडकं दोन्ही हातांनी धरून हळूच वर उचललं आणि तिचा हात बाहेर आला.

गाठ आत कधीतरी सैल पडली होती. गोटा फिरून पंजाच्या मागं गेला होता आणि बोटं त्याच्यापुढं आली होती, गोट्याच्या आणि भिंतीच्या मध्ये. इतका वेळ प्रत्येक घाव बोटांवर बसत होता. दोन बोटं काळीनिळी होऊन सुजली होती, एकाचं टोक नको त्या बाजूला वळलं होतं. नखाखालून रक्त येऊन पट्टी भिजली होती. अंबूबाई अजून मडक्याकडंच बघत होती. आम्ही का गप्प झालो म्हणून तिनं आमच्याकडं बघितलं, मग आम्ही बघत होतो तिकडं बघितलं.

आकारामनं ते मडकं चुंबळीवर ठेवलं नाही, हातातून सोडून दिलं. कच्चं मडकं फुटत नाही, बसतं. ते तसंच चेपून पडलं.

सांगलीच्या दवाखान्यात फोटो काढला. दोन बोटं मोडली होती. हाडं बसवताना आकारामला बाहेर पाठवलं, कारण तोच कण्हायला लागला होता. मी आत उभा होतो. डॉक्टर बोट ओढून सरळ करत होते आणि ती छताच्या पंख्याकडं बघत होती. भूल द्यायची गरज पडली नाही, असं डॉक्टर परिचारिकेला हळू आवाजात म्हणाले. ते तिनं ऐकलं.

परत येताना ती पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसली, प्लास्टरमधला हात मांडीवर. मागं आकाराम स्वतःला शिव्या देत होता, की आवाज बदलला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, मी कसला कुंभार. पलूसच्या पुढं आल्यावर ती म्हणाली, "तुमी कशाला रडतासा? तुमाला येक बसला तर पाखरं उडाली. मला एवढं बसलं आन मी आपली हसत हुते." मग माझ्याकडं वळली. "दुखलं असतं तर बरं झालं असतं वो, मेजर. एकदा तरी दुखायचं."

मी गिअर बदलला.

प्लास्टर निघालं, हाडं जुळली. व्यायामाला ती परत गेली नाही. अमृतनं आणि मी मिळून खूप समजावलं, डॉक्टरीणबाईंनी फोन केला, ती नुसतं ऐकून घ्यायची. आकाराम आता साच्यातल्या पणत्या आणि कुंड्या करतो, त्याला थापटणं लागत नाही. ती दारात बसून असते. डावा हात पदराखाली झाकलेला असतो. आधी ती तो सारखा दाबायची, चोळायची. ते बंद झालंय. हाताला खाज आली की काय असं वाटून ती दचकायची आणि आनंदानं आकारामला हाक मारायची, तेही बंद झालं. मला तिचा हा शहाणपणा सोसत नाही. वेडी आशा होती ती बरी होती, निदान त्यात भांडण तरी होतं.

परवा दुपारी मी भिंतीपाशी शेंगा काढत होतो. ती पाय ओढत आली आणि पलीकडून उभी राहिली. उजव्या हातात काळा गोटा होता. म्हणाली, "तुमाला खुंटा ठोकायचा व्हता न्हवं? ह्यो घ्या."

मी म्हटलं, वैनी, तो खुंटा कधीच कुजून गेला. आणि हा तुमचा आहे, अव्वानं दिलेला. उद्या अमृतची बायको येईल तिला द्या, नाहीतर राहू द्या तुमच्यापाशी.

"सुनंला तिचा हात हाय, ती तिचा निवडंल," ती म्हणाली. "तुमी दुसरं कायतरी ठोका. दगडच हाय."

तिनं तो भिंतीवर ठेवला, अंगठ्याची खोलगट बाजू वर करून, आणि आत गेली.